फिरतीवरची सिस्टर

परिचारिका म्हटले की फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवते. तिच्या हातातील दिवा आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिला आहे. पण एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ती ३८ परिचारिकांना घेऊन स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, ती काही कायमच्या नोकरीवर नव्हे. युद्ध संपले आणि १८५६ मध्ये ती मायदेशी परतली. म्हणजे आजच्या भाषेत ती तात्पुरती नेमणूकच होती. जेथे माणसे कमी पडतात तेथे जायचे, गरज असेतो राहायचे आणि परत फिरायचे.

'फिरती' हा शब्द आपल्याला नवा नाही. एस. टी.चे तपासनीस फिरतीवर असतात, औषध कंपनीचे प्रतिनिधी फिरतीवर असतात. परंतु रुग्णालयातली सिस्टरही फिरतीवर असू शकते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. माझी थोरली बहीण परिचारिका आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका केरळी सिस्टरने तिला अमेरिकेतील 'ट्रॅव्हल नर्स'विषयी सांगितले. ताई मला म्हणाली, "तू कॉलेजात जातेस, इंग्रजी वाचतेस. हे नक्की काय असतं ते बघून सांग." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यापुढे येतो. ताईसाठी वाचता वाचता जे समजले, ते वाचकांपुढे ठेवते.

अमेरिकेत या कामाची पद्धत अशी आहे. रुग्णालय आणि परिचारिका यांच्यामध्ये एक एजन्सी असते. कोणत्या विभागात किती सिस्टर हव्यात हे रुग्णालय एजन्सीला कळवते आणि एजन्सी माणसे पुरवते. करार बहुधा १३ आठवड्यांचा असतो. आठवड्याला साधारणपणे तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळी १२ तासांची. पगार एजन्सी देते आणि त्याशिवाय राहण्या-जेवण्याचा भत्ता मिळतो. या भत्त्यावर प्राप्तिकर नाही, मात्र त्याला एक अट आहे. परिचारिकेचे कायमचे घर दुसरीकडे असले पाहिजे आणि त्याचा खर्च तिने चालू ठेवला पाहिजे. जिने मागे घरच ठेवले नाही, तिला घरापासून दूर राहण्याचा भत्ता कसला, असा हा सरळ हिशेब आहे.

या प्रथेचा उगम त्या व्यवसायातील लोक १९७८ सालच्या न्यू ऑर्लिन्स शहरातील मार्डी ग्रा उत्सवात सांगतात. उत्सवाला गर्दी लोटते आणि गावातले मनुष्यबळ अपुरे पडते. आपल्याकडे पंढरीच्या वारीसाठी आरोग्य खात्याला ठिकठिकाणचे कर्मचारी पाठवावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे इतरही कारणे मिळाली. हिवाळ्यात थंड प्रदेशांतील वृद्ध मंडळी उबदार फ्लॉरिडा आणि ॲरिझोनात मुक्कामाला जातात व तेथील रुग्णालये भरतात. कोठे संप होतो, कोठे चार सिस्टर एकदम बाळंतपणाच्या रजेवर जातात.

परंतु एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नसे. यावर उपाय म्हणून २००० सालापासून काही राज्यांनी आपसांत करार केला. करारातील एका राज्यात राहणाऱ्या परिचारिकेला तेथल्या परवान्यावर इतर सर्व करारबद्ध राज्यांत काम करता येते. आज चाळीसच्या आसपास राज्ये या करारात आहेत. कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य अजून बाहेर आहे. आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असलेल्या सिस्टरला परराज्यात नोकरी करायची तर तेथील परिषदेकडे पुन्हा नोंद करावी लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तेथे तात्पुरत्या परिचारिकेला पुष्कळदा कायम परिचारिकेपेक्षा अधिक पैसे मिळतात. हे वाचून ताईचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "टेम्पररीला जास्त? उलटं वाचलं असशील." मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मागणी आणि पुरवठा हे उत्तर तोंडावर तयार होते. पण तेवढ्याने भागत नाही. परिचारिकांची टंचाई आपल्याकडेही आहे. मग येथे त्यांचा भाव का वाढत नाही?

याचे उत्तर मला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सापडले. १९९९ साली त्या राज्याने कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आला. एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यायचे, हे त्याने ठरवून दिले. अतिदक्षता विभागात दोन, तर सामान्य वॉर्डात पाच. म्हणजे तेथे एक सिस्टर कमी पडली तर पाच खाटांवर रुग्ण घेता येत नाहीत. खाट रिकामी राहिली की रुग्णालयाचे नुकसान होते. ते टाळण्यासाठी ते दूरच्या सिस्टरला जादा पैसे देऊन बोलावते. सगळ्या राज्यांत असा कायदा नाही, परंतु टंचाईचा भार रुग्णालयाच्या तिजोरीवर पडला की पगार कसा वाढतो, ते येथे स्पष्ट दिसते.

रुग्णसंख्येची ही मर्यादा केवळ सिस्टरच्या सोयीसाठी नाही. लिंडा एकेन या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास केला व तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तेव्हा प्रश्न रुग्णाच्या जिवाचा आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या सरकारी रुग्णालयात सिस्टर कमी पडली तर खाट रिकामी राहत नाही. उलट दोन खाटांच्या मध्ये गादी पडते. दारात आलेल्या गरिबाला परत पाठवता येत नाही, आणि पाठवूही नये. पण मग टंचाईचा सगळा भार रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरवर आणि त्या रुग्णांवर येतो. रुग्णालयाला त्याची झळ लागत नाही, म्हणून पगार वाढवण्याची निकडही भासत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे फरकाचे मूळ येथे आहे.

ताईने जी. एन. एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम २०२० मध्ये पूर्ण केला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तिला एका कोविड केंद्रावर तीन महिन्यांची ऑर्डर मिळाली. लाट ओसरली, ऑर्डर संपली. त्यानंतर ती एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर लागली. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवी ऑर्डर. महिना २० हजार रुपये. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम सिस्टरच्या पगाराच्या हे निम्म्याहूनही कमी. कधी कधी तिच्याकडे एका रात्री चाळीस रुग्ण असतात. माझी फी याच पगारातून भरली जाते, म्हणून ऑर्डर संपायचा महिना आमच्या घरात सर्वांना पाठ असतो.

कोविडच्या त्याच काळात अमेरिकेतील फिरत्या परिचारिकांना काही ठिकाणी आठवड्याला ५ हजार डॉलरच्यावर मोबदला मिळाला. मे २०२० मध्ये महाराष्ट्रालाही मुंबईसाठी केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागाव्या लागल्या होत्या. संकट आले की सिस्टर किती मोलाची आहे ते सर्वांना कळते. संकट गेल्यावर मात्र लवकर विसर पडतो. अमेरिकेतही २०२२ मध्ये सुमारे दोनशे लोकप्रतिनिधींनी एजन्सींच्या चढ्या दरांची चौकशी करण्याची मागणी केली आणि पुढे ते दर उतरलेच.

तिकडचे सारेच चांगले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. नव्या रुग्णालयात एक-दोन दिवसांत सारे समजून घ्यावे लागते. ताई म्हणते, "रुग्ण एका पाळीत कळतो, पण औषधांचं कपाट कळायला महिना जातो." दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला तर बहुधा आधी पाहुणीलाच पाठवतात. रुग्ण घटले तर करार मध्येच रद्द होऊ शकतो आणि घेतलेल्या खोलीचे भाडे मात्र भरावे लागते. शिवाय अधिक पगाराची पाहुणी पाहून कायम सिस्टर मनात खट्टू होते, तेही स्वाभाविक आहे. आणि येथून जाणाऱ्या मुलीला हे काम एकदम मिळत नाही. 'एन्क्लेक्स' ही परवाना परीक्षा मुंबईतही देता येते, परंतु त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि बहुधा दोन-तीन वर्षे एकाच ठिकाणी बांधून घेणारा करार असतो. ताईला मी हे सारे वाचून दाखवले आहे. तिने अजून काही ठरवलेले नाही.

आपल्याकडे काहीच हालचाल नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब राज्याच्या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना, अगदी ५० खाटांहून लहान ठिकाणीही, किमान २० हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्य संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. या सर्वांतून एकच मागणी पुढे येते. नेमणूक तात्पुरती असली तरी काम तात्पुरते नसते, म्हणून त्याचा मोबदला अर्धा असू नये.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी जणींच्या बहिणी आणि मैत्रिणी या व्यवसायात आहेत. त्यांच्यापुढे कराराचा कागद येईल, मग तो तालुक्याचा असो की परदेशाचा, तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारावेत. एका पाळीत रुग्ण किती? राहण्याचा खर्च कोणाचा? करार मध्येच मोडला तर काय? आणि मी सोडून गेले तर दंड किती? ज्यांना कागद वाचता येतो, त्यांनी तो दुसऱ्यालाही वाचून दाखवावा. शिकलेल्यांकडून एवढी अपेक्षा घरच्यांनी केली तर ती मुळीच जास्त नाही.