सीटखालचा तो काळा पट्टा

रोवणीचे दिवस होते. २०२१ सालचा जुलै महिना. दिवस मावळताना बांधीतून परतत असताना धुऱ्यावर माझ्या भाचीच्या पायाला साप चावला. तिला चालू दिले नाही, पाय बांधला नाही की चिरला नाही; उचलून थेट गाडीत घातले. गाडी म्हणजे आमची जुनी ओम्नी. कारध्याहून नदी ओलांडली की भंडारा. दवाखाना म्हणजे काही मिनिटांचा रस्ता.

पुलाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. खोकली नाही, धाप टाकली नाही, धूर नाही. चालता चालता इंजिन एकदम गप्प झाले. सेल्फ मारला तर फिरत होते, उलट नेहमीपेक्षा हलके, मोकळे फिरत होते; पण पेट घेईना. पेट्रोल होते, बॅटरी होती. मागून एक टेम्पो आला. त्या भल्या माणसाने एक शब्द न विचारता पोरीला पुढच्या सीटवर घेतले. जिल्हा रुग्णालयात वेळेवर लस मिळाली आणि पोरगी वाचली. (घरची गाडी असली तरी १०८ क्रमांक आधी फिरवावा, हे मला त्या रात्री कळले.)

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर लावून ओम्नी घरी ओढत आणली. आमच्या गावात एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी सीट उचलली, वरचे झाकण थोडे सैल करून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "टायमिंग बेल्ट गेला गा. कधी बदलला होता?"

मी आणि धाकटा भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. असा काही बेल्ट असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. ऑइल बदलत होतो, टायर बदलत होतो, काच पुसत होतो. जो पट्टा तुटला की सगळे थांबते, त्याचे नावही कधी घेतले नव्हते.

वाचकहो, तो पट्टा काय करतो ते आधी समजून घ्या. इंजिनात पिस्टन खालीवर होतात, त्यामुळे खालचा क्रँक फिरतो. हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारे, म्हणजे व्हॉल्व्ह, वरच्या कॅमने उघडतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. म्हणून वरच्या पुलीला खालचीच्या दुप्पट दाते असतात. हा मेळ राखतो तो दातेरी रबरी पट्टा. एक दाता जरी चुकला तरी दार अवेळी उघडते. पट्टा तुटला तर दारे जिथल्या तिथे थांबतात. काही इंजिनांत मग वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. काहींत मध्ये जागा असल्याने तसे होत नाही. आपले इंजिन कोणत्या जातीचे हे ठाऊक नसेल तर पहिल्याच जातीचे समजून वागावे.

ट्रॅक्टरला सहसा हे दुखणे नसते. त्याच्या इंजिनात या कामाला लोखंडी दातेरी चाके असतात. जुन्या अँबॅसडर पेट्रोल गाडीला साखळी होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८४ मध्ये तिच्याच तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाची व्हॅन आली, आणि त्यांच्याबरोबर हा रबरी पट्टा आपल्या अंगणात आला. तो हलका आहे, आवाज करत नाही, त्याला तेलही लागत नाही. पण रबर म्हातारे होते, आणि गाडी उभी असली तरी होते. '८०० २०१४ साली बंद झाली, ओम्नी २०१९ साली. म्हणजे खेड्यात आज ज्या फिरताहेत त्या सगळ्या वयस्कर आहेत, आणि बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला, हे घेताना कोण विचारतो? बैल घेताना आपण दात मोजतो!

आमच्या बेल्टचे म्हातारपण लवकर आले त्याचे कारणही झाकण काढल्यावर दिसले. आत वाळलेला गाळ होता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा ओम्नी पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर आम्ही सीट धुतल्या, ऑइल बदलले, गाडी सुरू झाली म्हणून देवाला नारळ फोडला. बेल्टचे झाकण उघडावे असे कोणाच्या मनात आले नाही. रेतीचे कण अकरा महिने पट्ट्याचे दाते खात होते.

काका म्हणाले, "घरीच करू. पण घाई करणारा इथे नको." म्हणून मग भावाला लांब बसवले.

गाडी सपाट जागी, थंड झालेली, चाकांना दगड लावलेले. बॅटरीची मायनस वायर काढलेली, गिअर न्यूट्रल. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. वरचे काम सीट उचलून होते, पण खालच्या पुलीसाठी गाडीखाली शिरावे लागते. इथे काकांनी एक गोष्ट तीनदा सांगितली, ती मीही सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. जॅक घसरतो. लोखंडी घोड्या लावाव्यात. त्या नसतील तर सागाचे रुंद, न हलणारे ओंडके. विटा कधीही नाही, वीट वजनाने फुटते.

अल्टरनेटर सैल करून बाहेरचा पट्टा काढला. मग पाण्याच्या पंपाची पुली, क्रँकची पुली, आणि शेवटी झाकण. निघालेला प्रत्येक नटबोल्ट वहिनीने ताटात क्रमाने मांडला आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला. परत बसवताना त्या फोटोंनी दोनदा वाद मिटवला.

आता खरे काम. खालच्या दातेरी चाकावर एक ठिपका असतो, तो इंजिनावरच्या बाणासमोर आणायचा. वरच्या चाकावरची खूण वरच्या खाचेसमोर. बेल्ट शाबूत असताना बदलायचा असेल तर खुणा आधी जुळवाव्या आणि मगच जुना पट्टा काढावा. मग दोन्ही चाके हलू द्यायची नाहीत. आमचा तुटलेला, त्यामुळे चाके कुठेही थांबलेली. स्पार्क प्लग काढून, पाना लावून, हाताने अगदी हळू फिरवत जागेवर आणली. कुठे अडले तर जोर करायचा नाही; थांबायचे आणि दुसऱ्या चाकाची जागा पाहायची. आमचे कुठे अडले नाही. नशीब म्हणायचे.

खुणा काळ्या पडल्या होत्या, अंधुक दिसत होत्या. चुन्याचे बोट लावून पाहिले, ते पुसले गेले. तेव्हा भाची, पायाला अजून सूज होती, खाटेवरूनच म्हणाली, "मामा, माझी नेलपॉलिश घ्या ना." लाल ठिपके असे दिसले की चष्मा नसतानाही काकांना दिसावेत!

नवा बेल्ट चिमटायचा नाही, मुरगळायचा नाही, त्याला तेल-ग्रीस लागू द्यायचे नाही. ज्या बाजूला ताणणारे चाक, म्हणजे टेन्शनर, नाही ती बाजू आधी ताठ बसवायची. ढील राहिली तर ती टेन्शनरच्या बाजूला राहावी. टेन्शनरची स्प्रिंग लावून बोल्ट अजून सैलच ठेवायचे, आणि क्रँक हाताने इंजिन चालते त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. त्याने ढील ओढली जाते. मग बोल्ट कसायचे. खुणा पुन्हा पाहायच्या. आमची वरची खूण एका दात्याने पुढे गेली होती. भाऊ म्हणाला, "एवढ्याने काय होते?" काकांनी बेल्ट काढला आणि सगळे पहिल्यापासून केले. दुसऱ्या वेळी खुणा बरोबर बसल्या. बोल्ट किती कसायचे याचे माप गाडीच्या पुस्तकात असते. काकांनी त्यासाठी ओळखीच्या वर्कशॉपातून टॉर्क पाना मागून आणला होता. अंदाजाने कसू नये. फार ताणलेला बेल्ट कण्हतो आणि बेअरिंग खातो, सैल बेल्ट दाता उडी मारतो.

उघडलेच आहे तर टेन्शनरचे बेअरिंग फिरवून पाहावे, खरखर असेल तर बदलावे. क्रँक आणि कॅमच्या तोंडाशी ऑइल सील असतात. ते पाझरत असतील तर नवा बेल्टही तेलाने सडेल. काही गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो, तिथे दोन्ही बरोबरच बदललेले बरे. ओम्नीत तो बाहेरच्या पट्ट्यावर आहे.

इतके सांगितले, तरी हे काम प्रत्येकाने घरी करावे असे मी म्हणत नाही. आमच्याकडे काका होते. डिझेल गाडी असेल तर मुळीच हात घालू नये, कारण तिथे पुष्कळदा डिझेल पंपही त्याच बेल्टवर जुळवावा लागतो. पण बेल्ट पाहणे सर्वांना जमते. वरचे झाकण सैल करून बॅटरीच्या उजेडात पाहावे. भेगा, झिजलेले किंवा गेलेले दाते, चकाकी, तेलाचा ओलावा, यांतले काही दिसले तर वाट पाहू नये. काहीच दिसले नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. किती किलोमीटरने आणि किती वर्षांनी बदलायचा हे पुस्तकात असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरावे. खेड्यातली गाडी किलोमीटरने कमी आणि वर्षांनीच जास्त म्हातारी होते. पुस्तक नाही आणि जुन्या मालकाला आठवत नाही, तर बेल्ट बदलायचाच आहे असे समजून चालावे. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे तर झाकण आधी उघडावे. बेल्टला काही शे रुपये पडतात. मूळ कंपनीचाच घ्यावा, इथे दहावीस टक्के वाचवू नयेत.

तिन्हीसांजेला बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला. दुसऱ्या खेपेला इंजिन लागले. काकांनी दहा मिनिटे कान लावून ऐकले, मग चहा मागितला.

तारीख आणि किलोमीटर भाचीने ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याच लाल नेलपॉलिशने लिहून ठेवले. तुटलेला पट्टा आईने टाकू दिला नाही. गोठ्याच्या दाराला तो अजून अडकवलेला आहे.