कायदा कोठला, केव्हाचा आणि कोणासाठी?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकविली. तिचा आशय कज्जेखटले टाळावेत एवढाच आहे. कायदा वाचूच नये, असा नव्हे. ज्याला आपले हक्क व जबाबदाऱ्या ठाऊक असतात, त्याच्यावरच ती पायरी चढण्याचा प्रसंग क्वचित येतो. परमुलखात संसार मांडणाऱ्या कुटुंबास तर हे ज्ञान अत्यंत अगत्याचे आहे. तथापि आपल्यापैकी पुष्कळांची कायद्याविषयीची माहिती ऐकीव असते. कोणी कामावरच्या सोबत्याकडून ऐकलेली, तर कोणी मुंबईच्या नातलगांनी कळविलेली. अशी माहिती पारखून घेण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत: हा कायदा कोठला? तो केव्हापासूनचा? आणि तो कोणाला लागू आहे?

पहिला प्रश्न विंडसरकरांना विशेष लागू पडतो. नदीपलीकडे डेट्रॉइट आहे. तेथील वार्ता आपल्या घरात सहज येतात, परंतु तेथील कायदा येत नाही. तो मिशिगन राज्याचा. आपला ऑन्टॅरिओ प्रांताचा. लहान रकमेच्या दाव्यांचेच पाहा. मिशिगनमध्ये अशा दाव्याची मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून ७,००० अमेरिकन डॉलर झाली. ऑन्टॅरिओच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात ती ३५,००० कॅनेडियन डॉलर होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून ५०,००० झाली. पलीकडचा आकडा ऐकून अलीकडे कोणी आपला हक्क सोडून दिला, तर नुकसान त्याचेच.

दुसरा प्रश्न काळाचा. कायदा मंजूर होणे निराळे आणि अंमलात येणे निराळे. नवागतांना नोकरी शोधताना 'कॅनडातील अनुभव आहे काय?' हा प्रश्न किती जाचक वाटतो, हे सांगावयास नको. नोकरीच्या जाहीर निवेदनात अशा अनुभवाची अट घालण्यास मनाई करणाऱ्या ऑन्टॅरिओच्या कायद्यास राजसंमती मिळाली २१ मार्च २०२४ रोजी. ही तरतूद लागू झाली मात्र १ जानेवारी २०२६ पासून. शिवाय ती पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच बंधनकारक आहे. म्हणजे केवळ बातमी वाचून भागत नाही. तारीख व व्याप्ती दोन्ही पाहावी लागतात.

तिन्ही प्रश्न एकत्र येतात ते मृत्युपत्राच्या बाबतीत, आणि येथे आपल्या समाजाने विशेष सावध असावे. समजा, विंडसरच्या एका विधुर गृहस्थाने आपली सर्व मिळकत मुलांना देणारे मृत्युपत्र केले व पुढे पुनर्विवाह केला. ऑन्टॅरिओत पूर्वी काही अपवाद सोडता विवाहाने आधीचे मृत्युपत्र रद्द होत असे. हा नियम १ जानेवारी २०२२ पासून उठला. त्या दिवशी अथवा त्यानंतर विवाह झाला असेल तर मृत्युपत्र केवळ विवाहामुळे रद्द होत नाही. विवाह त्यापूर्वीचा असेल तर जुनाच नियम लागतो.

पण त्या गृहस्थाचा ठाण्यास एक फ्लॅटही आहे, असे धरा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ५ अन्वये, मृताचा अधिवास कोठेही असो, भारतातील स्थावर मिळकतीचा वारसा भारतीय कायद्यानेच ठरतो. आणि त्याच अधिनियमाच्या कलम ६९ अन्वये विवाहाने मृत्युपत्र रद्द होते. शेजारचे हिंदू मराठी बंधू 'आमच्यात असे काही होत नाही' म्हणतील, आणि ते खरेच आहे. त्यांच्यासाठी कलम ५७ मध्ये वेगळी तरतूद आहे. यहुदी व्यक्तीस ती सवलत नाही. परिणामी पुनर्विवाह २०२३ साली झाला असेल, तर तेच मृत्युपत्र विंडसरच्या घरापुरते उभे राहील आणि ठाण्याच्या फ्लॅटपुरते कोसळू शकेल. मग कलम ३३ प्रमाणे फ्लॅटचा एकतृतीयांश हिस्सा विधवेस व दोनतृतीयांश मुलांना जाईल. ही वाटणी कदाचित न्याय्यही असेल. परंतु ती त्या गृहस्थाने ठरविलेली नसेल.

हे सारे वाचावयास एक पैसाही लागत नाही. ऑन्टॅरिओ सरकारच्या 'ई-लॉज' या संकेतस्थळावर प्रांताचे सर्व कायदे व नियम आहेत. तेथे कायद्याच्या माथ्यावरील तारीख आधी पाहावी आणि कलमाखालील टिपा वगळू नयेत. मंजूर झालेली परंतु अद्याप अंमलात न आलेली दुरुस्ती तेथेच दर्शविलेली असते. जुन्या काळचा मजकूर हवा असल्यास पूर्वीच्या आवृत्त्याही मिळतात. न्यायालयांनी त्या कलमाचा अर्थ कसा लावला, हे 'कॅनली' येथे पाहावे. कॅनडातील वकील मंडळांच्या महासंघाने चालविलेला निवाड्यांचा हा संग्रह सर्वांना खुला आहे. भारतीय अधिनियमांसाठी 'इंडिया कोड' हे सरकारी स्थळ व निवाड्यांसाठी 'इंडियन कानून' उपयोगी पडते. कायद्याची भाषा जड वाटत असेल, तर 'स्टेप्स टू जस्टिस' येथे ऑन्टॅरिओचे घरभाडे, नोकरी व कुटुंब यांविषयीचे नियम सुबोध इंग्रजीत समजावून दिले आहेत. घरी संगणक नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयात सोय होते.

वाचन हे वकिलाच्या सल्ल्याची जागा मात्र घेऊ शकत नाही. दोन देशांत मिळकत असणाऱ्याने तर दोन्हीकडील जाणकारांस विचारावे. लॉ सोसायटी ऑफ ऑन्टॅरिओच्या मार्गदर्शन सेवेमार्फत वकिलाशी तीस मिनिटांपर्यंत विनामूल्य बोलता येते. मर्यादित उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी विंडसर विद्यापीठाच्या विधी विभागाशी निगडित साहाय्य केंद्रेही आहेत. आपण कलम वाचून, तारखा टिपून व प्रश्न लिहून गेलो, तर ती तीस मिनिटे सार्थकी लागतात.

वाचकांस एकच आग्रहाची विनंती: या आठवड्यात पेटीतले मृत्युपत्र बाहेर काढा. त्यावरील तारीख व आपल्या विवाहाची तारीख शेजारी शेजारी मांडा आणि मिळकत कोठे कोठे आहे ते लिहून काढा. मुलाबाळांवर पुढे येणारा कलह आज तासाभराच्या श्रमाने टळू शकेल.