हातात आज की म्हातारपणी?

भत्ते कितीही वाढोत, निवृत्तीची पुंजी मूळ पगाराच्या आधारानेच वाढते, हा आपल्याकडच्या नोकरदार घरांचा जुना अनुभव. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांपुढे हाच पेच जरा वेगळ्या रूपात उभा असतो.

या चालकाला पगार बहुधा मैलावर मिळतो. दोन-दोन, तीन-तीन आठवडे तो घराबाहेर असतो. झोप सीटमागच्या बिछान्यावर आणि जेवण, आंघोळ महामार्गावरच्या ट्रक-थांब्यावर. बाहेरचे खाणे तिथेही महागच! म्हणून तिथल्या आयकर खात्याने वाहतूक क्षेत्रासाठी रोजच्या खाण्याचा एक आकडा ठरवून दिला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो ८० डॉलर झाला. त्याआधी ६९ होता. जेवणाच्या पावत्या जपायला नकोत, बाहेर काढलेल्या दिवसांची नोंद पुरते. मात्र रोज रात्री घरी परतणाऱ्याला ही सवलत नाही.

पूर्वी पगारी चालकही हा खर्च स्वतःच्या विवरणपत्रात दाखवू शके. २०१७ च्या कायद्याने ती सोय २०१८ पासून बंद केली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली. स्वतःचा ट्रक चालवून धंदा करणारा मात्र आजही ८० डॉलरच्या ८० टक्के, म्हणजे दिवसाला ६४ डॉलर, उत्पन्नातून वजा करतो. पगारी चालकाला एकच वाट उरली : कंपनीनेच पगाराचा काही भाग भत्ता म्हणून द्यायचा.

समजा, वर्षाला ६० हजार डॉलर मिळवणाऱ्याचे १२ हजार असे भत्त्यात गेले. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात टळली, म्हणजे ९१८ डॉलर वाचले. तो १२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर आयकराचे १,४४० वाचले. वर्षाकाठी तेवीसशेच्या वर रक्कम हातात! कंपनीचाही तितकाच ७.६५ टक्क्यांचा हिस्सा वाचतो. ही योजना चालकाला आग्रहाने सांगितली जाते त्यामागे केवळ माया नसते. काही कंपन्या तर भत्ता घेणाऱ्याचा मैलाचा दरही थोडा उतरवतात. तेव्हा आधी तो विचारून घ्यावा.

आता दुसरी बाजू. तिथली सरकारी पेन्शन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते, आणि भत्ता त्या कमाईत धरला जात नाही. आपल्या उदाहरणात दहा वर्षे भत्ता घेतला तर, ढोबळ हिशेबाने, पेन्शन महिन्याला नव्वदएक डॉलरने घटते, तीही जन्मभर. अपंगत्व आले तर मिळणारी रक्कमही याच नोंदीवरून ठरते. घरासाठी कर्ज मागायला गेले की कागदावरचा पगार तोकडा दिसतो, तो निराळाच ताप.

निवृत्तीला दोन-चार वर्षे उरलेल्याने भत्ता खुशाल घ्यावा. तिशीतल्या, लहान मुले पदरी असलेल्याने वाचलेले पैसे खरोखर बाजूला टाकता येतील का, हे घरात बसून ठरवावे. ते रोजच्या खर्चात विरून जाणार असतील तर हा सौदा मला तरी महागाचा वाटतो.

आणखी एक गंमत आहे. भाडे वाचवायला घर सोडून काही चालक ट्रकमध्येच राहतात. कायदा म्हणतो, याला घरच नाही, मग हा घराबाहेर कसा? साहजिकच भत्त्यावरची करसवलत जाते. भावाच्या घराचा नुसता पत्ता देऊन भागत नाही. त्या घराच्या खर्चाचा वाटा खरोखर उचलावा लागतो.