उंचावरची काच, जमिनीवरचे पाय

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावातही आता दोन-तीन मजली इमारतींच्या दर्शनी भागाला मोठाल्या काचा बसू लागल्या आहेत. दुकाने, दवाखाने, मंगल कार्यालये, शाळा सगळीकडे हेच चित्र. काच बसवताना ती पुसणार कोण आणि कशी, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. उन्हाळ्यात धूळ उडते, जाणारी-येणारी वाहने त्यात भर घालतात आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर त्या धुळीचे ओघळ काचेवर उमटतात. मग दिवाळीच्या आधी एखाद्या पोऱ्याला शिडीवर चढवले जाते, नाहीतर तो खिडकीतून निम्मा बाहेर येऊन, एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताने काच पुसतो. खाली उभे असलेले म्हणतात, "जरा डावीकडे राहिलंय." वर असलेला आणखी थोडा वाकतो. मित्रहो, ती काच एवढ्या मोलाची नक्कीच नाही.

हेच काम पाय जमिनीवर ठेवून करता येते. त्यासाठी पाणी वाहून नेणारी लांब काठी मिळते. इंग्रजी नावावरून व्यापारी तिला 'वॉटर-फेड पोल' म्हणतात. आंबे उतरवायचा झेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कल्पना तीच, फक्त टोकाला जाळीऐवजी मऊ ब्रश. काठीला लागून किंवा तिच्या पोटातून एक बारीक नळी वर जाते, ब्रशमधल्या छिद्रांतून पाण्याच्या धारा पडतात, ब्रश मळ सुटा करतो आणि पाणी तो वाहून नेते. ब्रिटनमध्ये उंचावरील कामाविषयीचे नियम २००५ साली लागू झाले. उंचावर चढणे टाळता येत असेल तर आधी ते टाळा, हे त्या नियमांचे पहिले सूत्र. त्यानंतर तिथल्या खिडक्या पुसणाऱ्यांमध्ये या काठीचा वापर खूपच वाढला. तीन-चार मजल्यांपर्यंत तिचा उपयोग चांगला होतो. त्याहून उंच इमारतींना पाळणा किंवा दोरावरचे प्रशिक्षित कामगारच लागतात.

पहिला प्रश्न काठी कशाची घ्यायची हा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. ॲल्युमिनियमची काठी स्वस्त, पण लांब झाली की जड वाटते. काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची काठी त्याहून बरी, मात्र बरीच लांब केली तर ती लवते आणि ब्रश काचेवर नीट टेकत नाही. तिसरी कार्बन फायबरची. ती वजनाला हलकी आणि ताठ, पण किमतीला भारी. काही काठ्यांत काचतंतू आणि कार्बन यांचे मिश्रण असते. दुमजली इमारतीला काचतंतूची काठी पुरते. तिसऱ्या मजल्यापर्यंत रोजचे काम असेल तर कार्बनची काठी मनगटांना आणि खांद्यांना सोपी जाते.

लांबी ठरवताना एक मजला साधारण दहा फुटांचा धरावा. दुसऱ्या मजल्याच्या काचेचा वरचा काठ जमिनीपासून तीस फुटांच्या आसपास येतो. त्यातून आपल्या छातीची उंची वजा करा आणि थोडे मागे उभे राहावे लागते म्हणून दोन-तीन फूट मिळवा. 'असू द्या, पुढे उपयोगी पडेल' म्हणून सर्वांत लांब काठी घेऊ नये. जास्तीचे नळकांडे म्हणजे प्रत्येक वेळी उचलायचे जास्तीचे वजन.

वजनाचा हा हिशेब जरा समजून घेऊ. समजा काठी २४ फूट लांब आणि ३ किलो वजनाची आहे, टोकाचा ब्रश अर्ध्या किलोचा आहे आणि आपल्या दोन हातांमध्ये दोन फुटांचे अंतर आहे. काठी जवळपास उभी आहे, ब्रश उभ्या रेषेपासून फक्त चार फूट बाजूला आहे, तर तिला सावरायला हाताला साधारण ४ किलोचा जोर लावावा लागतो. तीच काठी कलून ब्रश सोळा फूट बाजूला गेला, की हा जोर १६ किलो होतो. काठी तीच, वजन तेच, भार मात्र चौपट. म्हणून लांबच्या खिडकीकडे काठी कलती करू नये. दोन पावले सरकावे आणि काठी पुन्हा उभी करावी. अर्धा किलोचा ब्रश टोकाला असल्यामुळे तो काठीच्या मध्यावरच्या एक किलोएवढा जाणवतो, हेही ब्रश निवडताना ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाय जमिनीवर आहेत म्हणजे धोका संपला असे मुळीच नाही. उंचावरून पडण्याचा धोका जातो आणि विजेच्या तारेचा धोका येतो. आपल्या गावांत रस्त्याच्या कडेने तारा जातात, कुठे कुठे तर गॅलरीला खेटून. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ११ केव्हीपर्यंतची उघडी तार आणि इमारत यांच्यात आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. म्हणजे नियम पाळलेला असला तरी ते अंतर जेमतेम चार फूट. हातात चोवीस फुटांची काठी असताना चार फुटांची काय कथा? ॲल्युमिनियममधून वीज वाहते हे सर्वांना माहीत असते. कार्बन फायबरमधूनही ती वाहते, हे अनेकांना ठाऊक नसते. काठी काळी, प्लॅस्टिकसारखी दिसते आणि माणूस फसतो. काचतंतू कोरडा व स्वच्छ असेल तर वीज अडवतो, पण इथे तर काठीवरून सतत पाणी ओघळत असते. ओला बांबूही सुरक्षित नाही. लोखंडी पाइपला कुंचा बांधून केलेली घरगुती काठी तर जिवाशी खेळ आहे. रबरी बूट घातले म्हणजे निभावले, या समजुतीवर तर विसंबूच नये.

यावर नियम एकच. काम सुरू करण्यापूर्वी वर पाहावे आणि पूर्ण उघडलेली काठी हातातून सुटून कोणत्याही बाजूला पडली तरी तारेच्या जवळपास जाणार नाही अशीच जागा निवडावी. अशी जागा नसेल तर त्या बाजूची काच या काठीने पुसायचीच नाही. फारच गरज असेल तर महावितरणशी बोलून वीजपुरवठा रीतसर बंद करून घ्यावा. एका खिडकीकडून दुसरीकडे जाताना काठी मिटवून न्यावी. ती उभी धरून रस्ता ओलांडणे धोक्याचे आहे. दुर्दैवाने काठी तारेला लागलीच, तर धरणाऱ्याला हात लावायला कोणी धावू नये. सर्वांना दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये.

पाण्याकडे वळू. या पद्धतीत काच शेवटी फडक्याने कोरडी करत नाहीत. पाणी आपोआप वाळते. पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार काचेवर राहतात. तेच ते पांढरे ठिपके. आपल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या पुढे असणे मराठवाड्यात नवलाचे नाही. ६०० टीडीएसच्या पन्नास लिटर पाण्यात ३० ग्रॅम क्षार असतात. त्यातले बरेचसे खाली वाहून जातात, पण उरलेल्या थेंबांतले ठिपके पाडायला पुरेसे असतात. काच डागविरहित वाळायची तर टीडीएस दहाच्या आत हवा. त्यासाठी पाणी आधी आरओमधून आणि मग क्षार शोषणाऱ्या राळेच्या, म्हणजे रेझिनच्या नळकांड्यातून नेतात. तपासायला पेनाएवढा टीडीएस मीटर मिळतो. तो जवळ ठेवावा.

आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते. टंचाईच्या मुलखात हे खटकणारच. ते टाकाऊ पाणी फरशी धुवायला किंवा संडासात वापरता येते. त्याहून सोपा उपाय पावसाळ्यात असतो. पहिल्या एक-दोन सरी सोडून, स्वच्छ गच्चीवरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात. दुकानात वातानुकूलन यंत्र असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असते. दोन्ही पाणी गाळून घ्यावे, म्हणजे ब्रशची छिद्रे बुजत नाहीत. साबण मात्र या पाण्यात घालू नये. त्याचा थर काचेवर राहतो आणि धूळ पुन्हा पटकन चिकटते.

पाणी वर चढवायला दाब लागतो. दर दहा मीटर उंचीला साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा दाब, शिवाय नळीतल्या घर्षणासाठी थोडा जास्त. गच्चीवरच्या टाकीचे पाणी टाकीच्या पातळीपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे वरच्या मजल्याला ते धारेने येत नाही. शेतात फवारणीला वापरतात त्या बॅटरीच्या पंपात बहुधा बारा व्होल्टची मोटर असते आणि ती हे काम करू शकते. ओल्या जमिनीवर २३० व्होल्टच्या मोटरपेक्षा हा पंप सुरक्षितही. परंतु ज्यातून एकदा तरी कीटकनाशक किंवा तणनाशक मारले आहे तो पंप इथे चालणार नाही. वरून उडणारे तुषार आपल्याच तोंडावर आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांवर पडतात. नवा, वेगळा पंप ठेवावा.

काम सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावे. तापलेल्या काचेवर पाणी लगेच वाळते आणि मळ जागीच बसतो. आधी चौकटीचा वरचा भाग धुवावा, मग काच वरून खाली घासावी आणि शेवटी नुसते पाणी सोडावे. चौकटीत वर्षानुवर्षांची धूळ असते, म्हणून पहिल्या वेळी दोनदा धुवावे लागते. एकदा धुऊन ठिपके दिसले म्हणजे लगेच काठीला दोष देऊ नये. खाली दोरी बांधून वाट अडवावी, नळी पायात येणार नाही अशी टाकावी. कन्नड घाटमाथ्याजवळचे गाव, वाऱ्याला इथे तोटा नाही. काठी डोलायला लागली की काम थांबवावे. सतत वर पाहून मान अवघडते, तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे, हात बदलावेत.

सौर पॅनेलही याच काठीने धुता येतात, पण तडा गेलेल्या पॅनेलवर पाणी मारू नये. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतच असतात, घरातले बटण बंद केले तरी.

काम झाल्यावर काठीचे तुकडे वेगळे करून आतली माती धुवावी, क्लॅम्प पुसावेत आणि काठी सावलीत वाळवावी. क्लॅम्पमध्ये खडा अडकला तर पकड सैल होते आणि वरचा भाग एकदम खाली घसरतो, बोटे चेमटतात. काचतंतूची किंवा कार्बनची काठी चिरली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये.

दुकानदारांना आणि संस्थाचालकांना एवढेच सांगणे आहे. एकेकट्याला हा खर्च जड वाटत असेल तर एका आळीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक काठी, एक पंप आणि एक टीडीएस मीटर घ्यावा, आणि काम करणाऱ्याला ती कशी धरायची हे आधी तळमजल्याच्या काचेवर नीट शिकवावे. कोणत्या इमारतीच्या कोणत्या बाजूला तार आहे, याची यादी करून ती काठीच्या पिशवीतच ठेवावी. आणि ज्या बाजूला तार आहे ती काच मळकी राहिली, तर खुशाल राहू द्यावी.