शून्याच्या पलीकडे काय होतं?

'बिग बँग म्हणजे काय?' असं कॉलेजच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे - १३८० कोटी वर्षांपूर्वी एका बिंदूचा स्फोट झाला आणि विश्व सुरू झालं. पण या उत्तरात दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. विश्व प्रसरण पावतंय आणि पूर्वी ते अतिशय दाट व तप्त होतं, याला भक्कम पुरावे आहेत. 'सगळं एका बिंदूत होतं' याला मात्र पुरावा नाही! आइन्स्टाइनच्या समीकरणात काळ मागे मागे नेला की ते उत्तर येतं : आकार शून्य, घनता अनंत.

उत्तर अनंत आलं की काय समजायचं, ते मेकॅनिकलवाल्यांना विचारा. भेगेच्या टोकाशी स्ट्रेस काढायच्या फॉर्म्युल्यात अंतराचं वर्गमूळ छेदात असतं. म्हणजे अगदी टोकावर स्ट्रेस अनंत! म्हणून भेग असलेली प्रत्येक सळई लगेच तुटते का? नाही. तिथे आधी धातू प्लॅस्टिक होतो, आणि शेवटी तो अणूंचा बनलेला असतो. 'पदार्थ सलग आहे' हे गृहीतक तिथे संपतं, सळई नाही.

अवकाशाच्या बाबतीत हाच मुद्दा ज्यांनी गणितात उतरवला ते डॉ. अभय अष्टेकर आपल्या शेजारचे. जन्म १९४९, गाव शिरपूर. इथून कन्नडचा घाट उतरायचा, चाळीसगाव, धुळे आणि मग शिरपूर. १९७४ मध्ये शिकागोला पीएच.डी., पुढे अमेरिकेतच पेन स्टेट विद्यापीठात. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये मांडली. ('चल' म्हणजे व्हेरिएबल, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांसाठी!) त्यातून 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' उभी राहिली. तिच्यात अवकाश सलग नाही. पैठणी लांबून सलग दिसते, जवळ गेलं की धागे दिसतात, तसंच. क्षेत्रफळाचाही एक किमान तुकडा असतो. फक्त हे धागे भलतेच बारीक. प्रोटॉनच्या व्यासाला १ वर २० शून्ये एवढ्या संख्येने भागा, साधारण त्या मापाचे.

मग सुरुवातीचं काय? २००१ मध्ये मार्टिन बोजोवाल्ड यांनी दाखवलं की या गणितात शून्यापाशी समीकरण मोडत नाही. २००६ मध्ये अष्टेकर, टोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी आजच्यासारखं मोठं, प्रसरण पावणारं विश्व कॉम्प्युटरवर घेऊन काळ उलटा सोडला. विश्व आकसत गेलं आणि मग चक्क उसळी घेऊन पलीकडे पुन्हा मोठं होऊ लागलं. याला 'बिग बाउन्स' म्हणतात. कारण समीकरणात दिसतं. जुन्या सूत्रात प्रसरणाच्या दराचा वर्ग घनतेच्या प्रमाणात असतो. नव्या सूत्रात त्याला आणखी एक कंस गुणला जातो : एक वजा, घनता भागिले कमाल घनता. घनता कमाल झाली की कंस शून्य, आकसणं थांबतं आणि दिशा उलटते. ही कमाल घनता पाण्याच्या किती पट? साधारण २ वर ९३ शून्ये. अफाट आहे, पण अनंत नाही!

'शून्य क्षण' न पटलेले आणखी एक मराठी शास्त्रज्ञ म्हणजे कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५). १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी आलटून पालटून आकसणारं-फुगणारं विश्व मांडलं, तेही शून्यापर्यंत न जाणारं. पण त्यांनी बिग बँगच नाकारला आणि बहुतेक शास्त्रज्ञांना ते मान्य झालं नाही. अष्टेकरांचा मार्ग वेगळा. तप्त, दाट विश्व तसंच ठेवायचं, फक्त त्याच्या टोकाचा अनंत काढायचा. मला हा मार्ग जास्त पटतो.

तरी आक्षेप आहेतच. या गणितात विश्व आधीच सगळीकडे एकसारखं धरलं जातं आणि मग त्याला क्वांटमचे नियम लावले जातात. मूळ पूर्ण सिद्धांतातून हे सारं पायरी-पायरीने निघतं, असं अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि पुरावा? बिग बँगनंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज मायक्रोवेव्हच्या रूपात पोहोचतो. प्लँक उपग्रहाने त्याचा नकाशा केला. त्यात आकाशाच्या अगदी मोठ्या पट्ट्यांवरचे चढउतार अपेक्षेपेक्षा थोडे कमी दिसतात. २०२० मध्ये अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाउन्स धरला तर ही तूट समजावता येते. अडचण एवढीच की मोठ्या पट्ट्या आकाशात मोजक्याच बसतात, आणि रीडिंग वाढवायला दुसरं विश्व नाही. त्यामुळे ही तूट बाउन्सची खूण आहे की निव्वळ योगायोग, हे त्या नकाशावरून ठरत नाही.