फादरांना न लिहिलेले पत्र

मास्तरकीच्या धंद्यात माणूस आपली चूक कबूल करायला हळूहळू विसरतो. समोर साठ मुले बसलेली, खडू आपल्या हातात, आणि शेवटचा शब्दही आपलाच! वीस वर्षे ही सवय अंगी मुरली की घरातसुद्धा आपण व्याख्यानच देत असतो. ते कोणी ऐकत नाही, हा भाग निराळा. म्हणून आज मुद्दाम माझ्या एका चुकीची हकिकत सांगायला बसलो आहे. ती घडली मराठीच्या बाबतीत, म्हणजे ज्या विषयाचा मी पगार घेतो त्याच विषयात. आणि ती माझ्या पदरात घातली माझ्याच एका विद्यार्थिनीने.

गोष्ट २०१९ च्या सप्टेंबरातली. उस्मानाबादला (आता त्याचे नाव धाराशिव) भरणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची एकमताने निवड झाली. वसईचे फादर, 'सुवार्ता' मासिकाचे १९८३ पासून २००७ पर्यंतचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. बातमी आली आणि आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या पेल्याबरोबर वादाला उकळी फुटली. बाहेरही वातावरण तापले होते. निषेधाची पत्रे निघत होती, धमक्यांच्या बातम्या छापून येत होत्या. धमक्या देणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसलो नाही. पण एक वाक्य मोठ्या ऐटीत बोलून गेलो. "माणूस सज्जन असेल हो, पण धर्मग्रंथाचा अनुवाद म्हणजे साहित्य नव्हे. संमेलनाला धर्मोपदेशक कशाला हवा?"

सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. दारात एम. ए. च्या वर्गातली एक मुलगी निबंधाची वही घेऊन उभी होती. ती वसईची होती, ख्रिस्ती होती, आणि तिच्या उच्चारांवरून मी वर्गात एकदोनदा विनोदही केले होते. तिने वही टेबलावर ठेवली आणि खालच्या आवाजात विचारले, "सर, मग ज्ञानेश्वरी आपण साहित्य म्हणून शिकतो, ती कशी?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच त्याची योग्यता कळावी.

रात्री मात्र झोप येईना. ज्ञानेश्वरी म्हणजे तरी काय? एका धर्मग्रंथावर लोकांच्या भाषेत केलेले भाष्यच की! एकनाथांचे भागवतही तेच. लीळाचरित्र तर एका पंथाने आपल्या गुरूच्या आठवणी जपाव्यात म्हणून जन्माला आले. आमच्या मराठीचा पाळणाच मुळी धर्मवेत्त्यांनी हलविला. मग संस्कृतातून धर्मग्रंथ मराठीत आणणारा आमचा, आणि हिब्रू-ग्रीक परंपरेतला ग्रंथ मराठीत आणणारा परका, हा न्याय कुठला?

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक जाडजूड पुस्तक होते. आत चिठ्ठी : 'आजीचे आहे. सावकाश परत करा.' ते 'सुबोध बायबल' होते.

वाचकहो, बायबल मी त्याआधी चाळले होते ते पदव्युत्तर परीक्षेपुरते. मराठी गद्याच्या इतिहासात मिशनऱ्यांचे एक प्रकरण असते. विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार काढला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापले. 'मिशनरी मराठी' म्हणून त्या भाषेची थट्टा करून आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळत असू. आता पुस्तक हाती घेतले तेव्हा त्या थट्टेमागचे कष्ट दिसू लागले.

साधे उदाहरण घ्या. हिब्रूत 'रूआख' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ वारा, त्याचाच अर्थ श्वास, आणि आत्माही तोच! उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात जलांवर जे वावरत होते ते वारे होते की देवाचा आत्मा? मूळ वाचणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू येतात. मराठी अनुवादकाला एक निवडून दुसरे सोडावे लागते. आणि नुसता अर्थ साधून भागत नाही. शब्द कोणत्या घरातून आला आहे, हेही वाचकाला ठाऊक असते. गोव्यात १५७९ साली उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले, तेव्हा स्वर्गाला त्याने खुशाल 'वैकुंठ' म्हटले. पंडिता रमाबाईंची वाट नेमकी उलटी. केडगावला मुक्तिसदनाचा व्याप सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरविले. जुन्या तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यात येऊ नयेत, याची त्यांना केवढी काळजी! १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये छापून निघाला. एकीकडे परभाषेतून आलेला पाद्री ओवीला मिठी मारतो. दुसरीकडे शास्त्र्याच्या घरची, संस्कृतात मुरलेली विदुषी आपलेच शब्द पारखून दूर ठेवते. भाषेच्या अभ्यासकाला याहून रसाळ वाद कोणता हवा? आणि मी तो वीस वर्षे वर्गाबाहेर उभा करून ठेवला होता!

दिब्रिटोंचे मराठी या दोन टोकांच्या मधले. ते ना पोथीचे, ना जुन्या मिशन छापखान्याचे, तुमच्याआमच्या बोलण्यातले. शिवाय जागोजागी प्रास्ताविके, टिपा, त्या काळच्या चालीरीतींचा खुलासा. या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, आणि मराठीच्या प्राध्यापकाने तो उघडूनही पाहिला नव्हता.

वाचता वाचता लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसिद्ध दाखल्यापाशी आलो. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक माणूस पडला आहे. याजक त्याला पाहतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवीही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी ज्याची सावली टाळावी असा परका. दाखला लहानपणापासून ऐकलेला, पण त्या रात्री एक गंमत सुचली. आमच्या स्टाफरूमच्या वादात धर्मोपदेशक म्हणून मी नाक मुरडले होते फादरांना; वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलेला याजक मात्र मीच होतो.

डिसेंबरच्या सुट्टीत त्या मुलीच्या घरी गेलो. विरारला उतरून नंदाखालच्या बाजूला गेलो की गाडीतली गर्दी खरी की ही केळीची बाग खरी, असा प्रश्न पडतो. नंदाखाल हे फादरांचे गाव. घरी आजी होती. लाल लुगडे, ऐंशीची उमर, आणि नजर अशी की आपला गृहपाठ झालेला नाही हे तिला आधीच कळले आहे.

मी जरा आडवळणाने इतिहास काढला. पोर्तुगीजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई धरून ठेवली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले, १६८४ साली लोकभाषेवर बंदीचा हुकूम निघाला. माझ्या मनातल्या आढ्याची खरी मुळी तिथे होती. आजी शांतपणे म्हणाली, "तो इतिहास आमच्याही अंगावरूनच गेला की, सर. तुम्ही तो वाचलात. आम्ही त्यातून बोली वाचवून आणली." नातीने पुस्ती जोडली की घरात आजही कादोडी बोलतात, आणि तीच बोली इथल्या सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही आहे. तिच्या ज्या उच्चारांना मी हसलो होतो, ते पोर्तुगीजांच्या आधीपासूनचे होते!

मग आजी आपल्या तरुणपणाचे सांगू लागली. मिस्सा लॅटिनमध्ये चाले. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत. मागे बायका जपमाळ ओढीत. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ भरली आणि हळूहळू मिस्सा मराठीत आली. "पहिल्यांदा समजली तेव्हा भीतीच वाटली," आजी म्हणाली. "इतकी वर्षे आपण कशाला होकार देत होतो, ते तेव्हा कळले." धर्मग्रंथ लोकभाषेत येणे म्हणजे काय, यावर मी अनेक निबंध तपासले आहेत. इतके नेमके उत्तर एकातही नव्हते.

अंगणातली विहीर दाखविताना ती गप्प झाली. पाणी मचूळ झाले होते. बागांतून टँकर भरभरून पाणी शहराकडे गेले आणि जमिनीखालून खारे पाणी आत शिरले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हरित वसईचे जे आंदोलन पेटले, त्यात दिब्रिटो आघाडीवर होते. जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध तोंड उघडणे सोपे नव्हते, त्यात जिवाला घोर होता. "फादरांनी पुलपिटवरच राहावे, असे आमच्यातलेही म्हणत," आजी सांगत होती. म्हणजे आमची स्टाफरूम म्हणे धर्मगुरूने साहित्यात येऊ नये, आणि त्यांचे काही लोक म्हणत त्याने रस्त्यावर येऊ नये. ज्याने त्याने फादरांना आपापली चौकट नेमून दिली होती.

पण बायबलच्या अभ्यासकाला तो रस्ता ग्रंथातूनच सापडत असला पाहिजे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर सत्ता चालवायला सांगितले आहे. आणि १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहून निसर्गाच्या नासाडीचे मूळ याच शिकवणीत आहे, असा आरोप केला. वाद अजून शमलेला नाही. मात्र दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी; तिथले हिब्रू क्रियापद सेवा करणे या अर्थाचेही आहे. सत्ता की राखण? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात राखणीच्या बाजूने कौल दिला. वसईच्या बागाइतदारांना हा अर्थ सांगायला परिपत्रकाची वाट पाहावी लागली नव्हती.

फादरांनी ख्रिस्तभूमीचाही प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची'. यात्रेच्या पुस्तकाला सहसा पुण्याईचे नाव असते. पण जिथे बेथलेहेमपाशी २००२ पासून इस्राएलने भिंत उभारली आणि जेरुसलेममधल्या ख्रिस्ताच्या कबरीच्या मंदिराची किल्ली, ख्रिस्ती पंथांचे आपसांत जमत नाही म्हणून, पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्यांकडे आहे, त्या भूमीला दुसरे कोणते नाव शोभले असते? श्रद्धा ठेवून डोळे उघडे ठेवणारा प्रवासी विरळा.

१० जानेवारी २०२० ला मी उस्मानाबादला मंडपात होतो. कवी ना. धों. महानोर उद्घाटक. पोलिसांचा कडक बंदोबस्त. फादरांची प्रकृती बरी नव्हती, उभे राहणेही कष्टाचे दिसत होते. तरी ते बोलले. मराठीबद्दल बोलले, आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा अवघड प्रश्नही त्यांनी टाळला नाही. सगळेच मला पटले असे नाही. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही; तसे व्हावे असे त्या भाषणात काही नव्हते. भेटायला पुढे जावे असे वाटले, पण पाय उचलेनात. काय सांगणार होतो? की महाराज, मी तुम्हांला न वाचताच नापास केले होते?

म्हणून ठरविले, पत्र लिहायचे. परत आल्यावर मायना लिहिला, पहिली चार वाक्ये लिहिली. शेवटी एक शंका विचारायची होती, त्या हिब्रू क्रियापदाची. मग मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढे परीक्षा आल्या, पेपर आले, सबबी आल्या. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. बातमी वाचली तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. त्या तासाला नेमलेला धडा बाजूला ठेवला आणि मुलांना माझे ते स्टाफरूममधले वाक्य जसेच्या तसे सांगितले. पाठोपाठ त्या मुलीचा प्रश्नही सांगितला. तेव्हापासून दर वर्षी, 'ख्रिस्तपुराण' शिकविण्याआधी, तो सांगतो. मुले हसतात. हसू देत.

यंदा दिवाळीची साफसफाई करताना खाकी वेष्टनातले ते पुस्तक पुन्हा हाती आले. आत चार वाक्यांचे पत्र होते, आणि 'सावकाश परत करा' ही चिठ्ठीही. इतके सावकाश असे आजीला नक्कीच म्हणायचे नसेल! फादरांचे पत्र आता पोहोचायचे नाही; पण मी खरा अपराधी आहे तो त्या मुलीचा, आणि ती आहे. सध्या एका शाळेत मराठी शिकवते. परवा फोन करून उच्चारांच्या थट्टेबद्दल क्षमा मागितली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, ते असू द्या. आजी विचारत होती, पुस्तक वाचून झाले का?"

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी विरारची गाडी धरणार आहे.