इंग्रजीतील उपपदे : लेखांक दुसरा
'द' केव्हा लावावे?

गेल्या आठवड्यात अनिश्चित उपपदाचा विचार झाला; आता 'द' या निश्चित उपपदाकडे वळावयाचे आहे. १९४८ पूर्वी, निझामी अमदानीत, परभणी जिल्ह्यातील कचेऱ्यांचा कारभार आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि उर्दूतही मराठीप्रमाणेच उपपद नाही. तेव्हा येथील जो विद्यार्थी इंग्रजीकडे वळे, त्याला परिचयाच्या दोन्ही भाषांतून या बाबतीत काही आधार मिळत नसे.

तथापि उपपद नाही म्हणून निश्चिततेची जाणीवही नाही, असे मानणे हा मराठीवर अन्याय होईल. 'अंगणात बैल उभा आहे' या वाक्यात बैल ऐकणाऱ्याला नवा आहे. 'बैल अंगणात उभा आहे' असे म्हटले की तो आपल्या दोघांच्या ओळखीचा, ज्याचा शोध चालला होता तोच, हे उघड होते. मराठी जे शब्दक्रमाने सूचित करते, ते इंग्रजीत अनुक्रमे 'ए' आणि 'द' यांनी सांगावे लागते. म्हणून वाक्य लिहिताना वस्तू आपल्या मनात निश्चित आहे की नाही हे न पाहता, ती कोणती हे ऐकणाऱ्याला कळेल की नाही, हे पाहावे. नियमांच्या याद्या घोकून घेण्याआधी मुलांना हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यात नऊ तालुके, म्हणून तहसीलदारही अनेक. परंतु जिंतूरच्या रहिवाशाने जिंतुरातच 'द तहसीलदार' म्हटले, तर कोणाचाही घोटाळा होत नाही. तोच मनुष्य परभणीस, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, सर्व तालुक्यांच्या बैठकीचा वृत्तांत सांगू लागला आणि एका अपरिचित अधिकाऱ्याचा उल्लेख प्रथमच करू लागला, तर त्याला 'ए तहसीलदार' म्हणणे भाग आहे. पद तेच, बदलला तो प्रसंगाचा इलाखा. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला परभणीकर नुसते 'द युनिव्हर्सिटी' म्हणू शकतो, पण पुण्यात त्याच शब्दांनी दुसऱ्याच संस्थेचा बोध होईल.

विशेषनामांचा प्रांत अधिक बिकट आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन असलेले गाव, आणि पूर्णा ही गोदावरीस मिळणारी नदीही. गावाच्या नावास उपपद नको, नदीच्या नावास मात्र हवे. त्यामुळे 'ही लिव्ह्ज इन पूर्णा' म्हणजे तो गावात राहतो, आणि त्याच वाक्यात 'द पूर्णा' घातले की तो नदीत राहू लागतो! अकोल्याकडील वाचकाला मात्र 'द पूर्णा' म्हणताच तापीस मिळणारी, तेथील पूर्णा आठवेल. तेव्हा उपपद व्याकरणाने निर्दोष असूनही कोणती नदी ते वेगळे सांगावे लागेल.

पिकांविषयी लिहिताना मात्र 'द' चा मोह आवरावा. ज्वारी या धान्याविषयी सर्वसाधारण विधान असेल तर 'जोवार नीड्स लिटल वॉटर' एवढेच पुरे. अमुक शेतातील, यंदाच्या सुगीची ज्वारी अभिप्रेत असेल, तरच 'द जोवार'.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडील 'द बालाघाट हिल्स' यांना उपपद लागते, पण कळसूबाईच्या एकट्या शिखराला लागत नाही. डोंगररांगा व शिखरे यांच्यातील या भेदाचा विचार पुढील लेखांकात करू.